गवतातली पाच अंडी

"हाताने उचलायची नाहीत, हे मी तिसऱ्यांदा सांगतेय," नॅन म्हणाली. "फावडं घे."

"फावडंच आहे माझ्या हातात, आई. तुला काय झाडू दिसतोय?" जेरोमचा आवाज चढला होता. "मी वेगळंच विचारतोय. अंडी आली कुठून?"

"कुठून आली ते सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कुणी नाही एवढंच."

हे बोलताना नॅननं नोनीकडे पाहिलं नाही, पण बोलणं होतं नोनीसाठीच. कलोटींच्या घरात सून म्हणून येऊन नोनीला एकतीस वर्षं झाली होती. सासूचं न बघता बोलणं तिला आता बघून बोलण्यापेक्षा चांगलं कळायचं. ती म्हणाली, "नॅन, कुणाचं नाव घ्यायचं असेल तर घ्या. नसेल तर आपण आत जाऊ, माझा पाव भट्टीत आहे."

"नाव घेऊन मी माझी जीभ विटाळणार नाही."

गवताच्या शेडमध्ये चौघं उभी होती. जेरोम, त्याची आई, त्याची बायको, आणि कॉर्कच्या इस्पितळात नर्सिंग शिकणारी, सुट्टीला घरी आलेली मुलगी ब्रीडा. तिची आजी म्हणून सगळं घर म्हातारीला नॅन म्हणायचं, आणि मग गावही. नव्या गवताला जागा करायची म्हणून जेरोमनं गेल्या वर्षीचे उरलेले गठ्ठे हलवले, तेव्हा गल्लीकडच्या बाजूला दोन गठ्ठ्यांच्या मध्ये हातानं दाबून केलेली खळगी दिसली. खळगीत पाच तपकिरी अंडी.

कोंबडीनंच घातली असतील, असं ब्रीडा म्हणून बसली. त्यावर नॅननं तिला शांतपणे समजावलं की कोल्ह्यापायी कोंबड्या मार्चपासून जाळीत बंद आहेत, आणि जाळीतून बाहेर येऊन, इथे अंडी घालून, परत जाळीत जाऊन दार लावून घेणारी कोंबडी ब्रीडानं तिला एकदा दाखवावी. ब्रीडानं खांदे उडवले.

ग्लाउनकॅरिग गावात गवतातल्या अंड्यांचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. ज्याला तुमचं बरं बघवत नाही तो तुमच्या गवतात नाहीतर बटाट्याच्या सऱ्यांत अंडी लपवतो. ती कुजत जातात तसतशी तुमची गुरंही कुजत जातात, आणि तुमची भरभराट त्याच्या दारी जाते. याला पिशोग म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात. करणीच ती. शिकलेली माणसं त्याला हसतात, पण गवतात अंडं सापडलं की तीसुद्धा फावडं शोधतात. आणि कलोटींच्या गोठ्यात वसंतापासून दोन गाई गाभडल्या होत्या, तिसरीची कास सुकली होती. गुरांच्या डॉक्टरनं त्या रोगाचं नाव सांगितलं, सुई टोचली. नाव चांगलं लांबलचक होतं, पण गेलेली वासरं काही परत आली नाहीत.

नॅनला फादरांना बोलवायचं होतं. पण नवे फादर तरुण होते. ते आले असते, चहा प्यायले असते आणि अतिशय सभ्यपणे डॉक्टरचं ऐका म्हणाले असते. तेव्हा नॅननं सगळं स्वतःच हाती घेतलं. जेरोमनं फावड्यावरून अंडी नेली, दोन्ही हात पुढे ताणून, जसं काही फावड्यावर झोपलेलं मूल ठेवलंय. शेताच्या ज्या कोपऱ्यातून पाणी वाहत नाही तिथे पेंढा रचला, रॉकेल ओतलं. नॅननं जपमाळ काढली. नोनीच्या हातात पवित्र पाण्याची बाटली दिली, ती देवमातेच्या आकाराची, निळा मुकुट फिरवला की उघडणारी. नॅन मान हलवेल तेव्हा नोनीनं पाणी शिंपडायचं. नोनीनं शिंपडलं.

आगीत एक अंडं फुटलं आणि असा वास सुटला की ब्रीडा चार पावलं मागे गेली. बाकीची चार फुटली ती नुसतीच फुटली. नोनीच्या मनात आलं, एक जुनं, चार ताजी. म्हणजे ठेवणारं माणूस एकदा येऊन गेलेलं नाही, पुन्हा पुन्हा येतंय.

"येणारी-जाणारी आहे कुणीतरी," नॅन म्हणाली. जणू तिनं नोनीचं मन वाचलं होतं.

येणारी-जाणारी एकच होती. मॅज ब्रॉस्नन.

नोनी आणि मॅज एकाच वर्षी या टेकडीवर लग्न होऊन आल्या. नोनी डोंगरापलीकडून, मॅज समुद्राकडून. दोघींना इथलं वारं, इथली माणसं आणि इथल्या सासवा नव्या होत्या. मॅजचं घर गल्लीच्या पलीकडे. पहिल्या हिवाळ्यात दोघी विहिरीवर भेटल्या आणि बादल्या भरून झाल्यावरही तासभर तिथेच उभ्या राहिल्या. तेव्हापासून नॅननं मॅजला 'ती विहिरीवरची' असंच म्हटलं. नोनीला चार मुलं झाली, मॅजला एकही नाही. सात वर्षांपूर्वी मॅजचा नवरा कॉन ट्रॅक्टरवर बसल्या जागी गेला. मॅजनं गाई विकल्या. तिचं कुरण दर जुलैत जेरोम कापायचा, निम्मं गवत तिचं, निम्मं त्याचं. आणि दर शुक्रवारी मॅज तिच्या लाल गाडीतून नोनीला किलार्नीला न्यायची. नोनीला गाडी येत नव्हती. शुक्रवारचे ते तीन तास सोडले तर नोनी स्वतःच्या कुठल्या वेळेला 'माझा' म्हणू शकली असती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्या दिवशी जेवताना जेरोम म्हणाला की यंदा मॅजचं कुरण तो कापणार नाही, दुसरं कुणीतरी बघ म्हणावं. नोनीनं विचारलं, का. तो म्हणाला, कारण काही नाही, यंदा वेळ नाही. नॅननं बटाट्याला लोणी लावलं आणि म्हणाली, मे महिन्यात गोठ्याच्या अर्ध्या दारावर वाकून त्या बाईनं वासराला 'काय छान वासरू आहे' म्हटलं होतं, आणि पुढे काही म्हटलं नव्हतं. 'देव भलं करो त्याचं' असं म्हणायला जीभ झिजते का? शेवटी नॅनलाच अंगणातून मोठ्यानं म्हणावं लागलं होतं. आठवतंय का नोनीला?

नोनीला आठवत होतं. तेव्हा ती आणि मॅज दोघी नॅनच्या पाठीमागे हसल्या होत्या. ते वासरू नंतर जगलं, पण त्याच्या आईचीच कास सुकली.

संशय असा काही धाडकन येत नाही. तो पाहुण्यासारखा येतो, आधी दारात उभा राहतो, मग खुर्चीवर टेकतो. दुपारी दूध काढताना नोनीला आठवलं की दुधाची लॉरी जाते तेव्हा मॅज फाटकात उभी असते. का? तिच्याकडे आता दूध नाही. मग आठवलं की मॅज त्यांच्या शेडमागच्या गल्लीनंच चालत येते, रस्त्यानं नाही. आणि अंडी. मॅजनं कोंबड्या पाळणं सोडलं तेव्हापासून नोनीच तिला दर शुक्रवारी डझनभर अंडी देत होती. पाची अंडी तपकिरी, मोठी, नोनीच्याच कोंबड्यांची. आपलीच अंडी आपल्याच घरावर उलटावीत, यापेक्षा वाईट काय असेल? हे नॅनच्या ध्यानात आलेलं नव्हतं आणि नोनीनं ते कुणाला सांगितलं नाही. मात्र रात्रीपर्यंत तो पाहुणा तिच्या मनात पाय पसरून बसला होता.

शुक्रवारी लाल गाडी फाटकात येऊन वाजली. नोनीनं ब्रीडाला पाठवलं, डोकं दुखतंय म्हणून सांग. गाडी लगेच गेली नाही. नोनी पडद्याआड उभी राहून इंजिनाचा आवाज ऐकत राहिली. रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर ती बाजूच्या दारानं बाहेर पडली.

याच सुमारास तिचं लक्ष दुसरीकडेही होतं. जेरोमच्या चुलत्याचं, डॅनचं, घर गल्लीच्या खालच्या टोकाला होतं. तो गेल्यावर नोनीनं ते रंगवून, पडदे शिवून उन्हाळ्यात भाड्यानं द्यायला काढलं होतं. येणारी माणसं त्याला कॉटेज म्हणत. घरात ते अजून डॅनचंच होतं. यंदा अख्खा जुलै डब्लिनच्या दोन निवृत्त शिक्षिकांनी घेतला होता. मिस कार्मेल डिग्नम बुटकी आणि गोल, मिस उर्सुला टोलन उंच, सदान्‌कदा रेनकोटात. दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी.

महिनाभर दोघी करत काय होत्या, हे कुणालाच सांगता आलं नसतं. समुद्राला गेल्या नाहीत. तळी बघितली नाहीत. दोन खुर्च्या अंगणात टाकून बसायच्या, ऊन हललं की खुर्च्या हलवायच्या. नॅनचं मत, त्या मठातून पळून आलेल्या जोगिणी असाव्यात. जेरोमचं मत, सरकारनं पाठवलंय, कुठेतरी रस्ता नाहीतर पवनचक्क्या यायच्या असतील. नोनीला वाटायचं, दोन बायका, नवरा नाही, पोरं नाहीत, सासू नाही, नुसत्या बसतात आणि एकमेकींशी बोलतात, यात काहीतरी असलंच पाहिजे. ती दारात गेली की त्या बोलायच्या थांबत. एकदा तिच्यादेखत कार्मेलनं तव्यावर घाईनं झाकण टाकलं. वास नुसत्या सॉसेजचा येत होता. झाकण्यासारखं काय होतं त्यात?

नोनी त्यांना आल्या दिवशी डझनभर आणि मग एक दिवसाआड अर्धा डझन अंडी नेऊन द्यायची, अजून कोमट असलेली. भाड्यात ती नव्हती. तो तिचा मान होता. "आजची आहेत," असं ती दारात सांगायची, आणि कार्मेल प्रत्येक वेळी छातीवर हात ठेवून आभार मानायची.

सोमवारी चादरी बदलायला गेली तेव्हा दोघी खाली ओढ्याकडे फिरायला गेल्या होत्या. नोनीनं स्वयंपाकघरातली कचऱ्याची बादली रिकामी करायला उचलली. बटाट्याची सालं, चहाचा चोथा, सॉसेजचा कागद, संत्र्याची सालं. अंड्याचं टरफल एकही नाही. तिनं काठीनं ढवळून पाहिलं. मग मागच्या बादल्या आठवल्या. तीन आठवड्यांत पन्नासच्या वर अंडी या घरात आली होती आणि एका अंड्याचं टरफल बाहेर पडलं नव्हतं. माणसं अंडी टरफलासकट खात नाहीत, डब्लिनलाही नाही.

बादली हातात धरून नोनी बराच वेळ उभी होती. तिला आनंद व्हायला हवा होता. पण मन आता असं झालं होतं की त्याला एका जागी थारा नव्हता. या बायकांना आपल्या करणीचं काय ठाऊक? यांना कुणी शिकवलं? मॅज यांच्या फाटकात थांबून बोलताना दोनदा दिसली होती. मॅजच यांच्याकडून अंडी घेत असली तर?

मंगळवारी दुपारी जेरोम आणि ब्रीडा वरच्या शेतात होते आणि नॅन खुर्चीत पेंगत होती, तेव्हा नोनी शेडमध्ये जाऊन गठ्ठ्यांमागे उपड्या बादलीवर बसली. पंचावन्न वर्षांची बाई, स्वतःच्याच शेडमध्ये चोरासारखी. मॅज आली तर काय करायचं हे तिनं ठरवलेलं नव्हतं. मॅज येऊ नये, एवढंच तिला वाटत होतं. गवताचा कण नाकात गेला, शिंक आली, ती तिनं ॲप्रन तोंडावर दाबून जिरवली. दोन वाजले, अडीच वाजले. गल्लीत पावलं वाजली.

पावलं लांब टाकलेली होती. मॅजची पावलं आखूड. कडक ऊन पडलेलं असताना रेनकोट घातलेली मिस उर्सुला टोलन पत्र्याच्या फटीतून वाकून आत आली, इकडेतिकडे पाहिलं, खिशातून दोन अंडी काढली आणि खळगी शोधू लागली. खळगी नव्हती, गठ्ठे हलवलेले होते. ती दोन्ही हातांत एकेक अंडं धरून गोंधळून उभी राहिली.

"मिस टोलन," नोनी म्हणाली.

उर्सुला इतकी दचकली की एक अंडं निसटता निसटता राहिलं. तिचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला. मुलांना तीस वर्षं वर्गात पकडणारी बाई स्वतः पकडली गेली की कशी दिसते ते नोनीनं पाहिलं.

"मिसेस कलोटी, मी सगळं सांगते."

तिनं सगळं सांगितलं. कार्मेलला डॉक्टरांनी अंडं बंद केलंय. उर्सुलाला वसतिगृहात राहिल्यापासून उकडलेल्या अंड्याच्या वासानं मळमळतं. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण नोनी दारात उभी राहून म्हणाली होती की आजची आहेत. "ती कोमट होती हो. मग नाही कसं म्हणायचं?" मग दुसऱ्यांदा आणखी अवघड झालं आणि तिसऱ्यांदा तर अशक्यच. बादलीत टाकावीत तर बादली नोनीच रिकामी करते. एक नोनीच्या कुत्र्याला दिलं, तर त्यानं ते न फोडता आणून पायरीवर ठेवलं. काही ओढ्यात टाकली, तर ती उथळ पाण्यात तळाशी जाऊन बसली आणि पुलावरून सगळ्या जगाला दिसायला लागली, मग बूट काढून परत गोळा करावी लागली. बरीच कोल्ह्यासाठी कुंपणाखाली ठेवली. आणि मग उर्सुलाला ही शेड दिसली. "कोंबड्या गवतात अंडी घालतात असं पुस्तकात असायचं आमच्या. म्हटलं, इथे ठेवली तर तुम्हाला सापडतील, तुम्ही घरात न्याल. वाया नाही जाणार."

"आमच्या कोंबड्या बंद असतात," नोनी म्हणाली.

"बंद? का?"

"कोल्हा."

उर्सुला कुंपणाखालच्या अंड्यांचा विचार करत असावी. "अरे देवा," ती म्हणाली.

नोनीनं तिच्या हातातली अंडी घेतली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली. आगीचं, पाण्याचं, नॅनचं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर या दोन बायका त्याच दिवशी सामान बांधून निघाल्या असत्या, आणि मग डब्लिनला वर्षभर ही गोष्ट चहाबरोबर वाढली असती. "कार्मेलबाईंना सांगा, झाकण काढून सॉसेज तळा," एवढंच ती म्हणाली.

मग ती घरी गेली नाही. शेडमागच्या गल्लीनं मॅजकडे गेली.

मॅज मोरीपाशी उभी राहून नवे बटाटे खरवडत होती. पाठमोरीच म्हणाली, "डोकं राहिलं का?"

नोनी दारातच उभी राहिली.

"शुक्रवारी दहा मिनिटं फाटकात थांबले," मॅज म्हणाली. "तुझी पोरगी खोटं बोलताना तुझ्यासारखाच कान खाजवते. आणि रविवारी बाजूच्या दारानं गेलीस. त्या दारानं शवपेट्या जातात, आणि आता तू."

नोनीनं सांगून टाकलं. पाच अंडी, फावडं, रॉकेल, डब्लिनच्या बायका, ओढ्यातली अंडी, सगळं. ओढ्याची गोष्ट आली तेव्हा मॅज हसेल असं तिला वाटलं होतं. मॅज हसली नाही. बटाटा फिरवून फिरवून खरवडत राहिली.

"तुला वाटलं मी ठेवली."

"नॅनला वाटलं."

"मी तुझ्या सासूचं विचारत नाहीये. तिला मी आल्या दिवसापासून चेटकीण वाटते. तिचं मत तरी एकच आहे. तुला काय वाटलं?"

नोनीला खोटं बोलता आलं असतं. हात कानाकडे निघालाही होता. "वाटलं," ती म्हणाली. "पाच दिवस."

"पाच दिवस." मॅजनं बटाटा पाण्यात टाकला. "तू येऊन तोंडावर विचारलं असतंस तर मी तुला हाकलून दिलं असतं. दार आपटलं असतं. आणि संध्याकाळी चहाला परत बोलावलं असतं. तू काय केलंस, तर बाटली घेऊन पाणी शिंपडलंस."

नोनीनं नजर खिडकीकडे वळवली. मोरीवरच्या खिडकीतून डॅनच्या घराचं अंगण दिसायचं. उर्सुला परत पोचली होती आणि हातवारे करत काहीतरी सांगत होती, कार्मेल दोन्ही हातांनी तोंड झाकून खुर्चीत मागेपुढे होत होती. रडत होती की हसत होती ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

"तीन आठवडे बघतेय मी त्यांना," मॅज म्हणाली. "काही करत नाहीत. भांडतात मात्र. परवा छत्रीवरून भांडल्या, एक आत जाऊन बसली. मग दुसरीनं खिडकीतून चहा दिला."

"तू काय बोलायचीस त्यांच्याशी?"

विचारल्याबरोबर नोनीला कळलं की आपण अजून तपासच करतोय. मॅजलाही कळलं. ती पहिल्यांदा वळली. तिचे डोळे लाल होते, आणि ते आजचे नव्हते.

"पावाच्या दुकानाचा रस्ता सांगितला," ती म्हणाली. "आणि विचारलं, इथे येऊन करता काय. ती बुटकी म्हणाली, काही नाही, आम्ही सोबत असतो."

नोनी फाटकापर्यंत गेली. कडी हातात धरली, सोडली आणि परत स्वयंपाकघरात आली. शनिवारी त्या दोघी जातायत, ती म्हणाली. पुढचा आठवडा घर कुणी घेतलेलं नाही. खाटा दोन आहेत. तू येशील का?

"कुठे?"

"डॅनच्या घरी. राहायला. आपण दोघी."

"माझ्या मोरीतून त्याचं धुराडं दिसतं," मॅज म्हणाली. "ती कसली सुट्टी?"

"डब्लिनहून माणसं येतात तिथे."

"तुझी सासू म्हणेल मी तुला पळवून नेलं. औषध घालून."

"म्हणू दे."

मॅजनं हात पुसले, बराच वेळ पुसले. "बघू," ती म्हणाली. त्या टेकडीवर 'बघू'चा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असाच असतो.

संध्याकाळी टेबलावर थंड हॅम होतं, टोमॅटो आणि पाव. नोनीनं चुलीवर पातेलं ठेवून दोन अंडी उकडत टाकली. नॅननं विचारलं, हॅम असताना अंडी कशाला, आणि कुठली ती.

"गवतातली," नोनी म्हणाली.

नॅननं छातीवर क्रूस काढला. जेरोमनं सुरी खाली ठेवली. अंडी उकडेपर्यंत नोनीनं काय घडलं ते सांगितलं, जसं घडलं तसं, फक्त पाच दिवस तिला स्वतःला काय वाटत होतं तेवढं वगळून. गोष्ट ओढ्यातून अंडी गोळा करणाऱ्या शिक्षिकांपाशी पोचली तशी ब्रीडा हसून हसून खोकायला लागली. जेरोमच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसत होतं. त्यानं पावाला लोणी लावलं, आणि हवा टिकली तर सोमवारी मॅजचं कुरण कापून टाकतो म्हणाला. झालं, त्याच्या दृष्टीनं विषय मिटला होता.

नॅनच्या दृष्टीनं नव्हता. "त्या बायांना आपली शेड दाखवली कुणी?" ती म्हणाली. "गल्लीनं जा हे सांगितलं कुणी? दोन शिकल्यासवरल्या बाया आपल्या डोक्यानं असलं करतात का? त्यांच्या डोक्यात ते घातलं कुणीतरी." आणि दोन गाई गाभडल्या त्या काय सॉसेजमुळे? त्या तर या बाया यायच्या आधीच गाभडल्या होत्या. म्हणजे आणखीही अंडी असतील. शोधली पाहिजेत.

जेरोम नाही म्हणाला नाही. त्यानं खिडकीतून शेडकडे पाहिलं. ते पाहणं नोनीला दिसलं. उद्या तो एकेक गठ्ठा हलवेल, कुणाला न सांगता. आणि पुढच्या वर्षी एखादं वासरू मेलं की पुन्हा त्याच घराकडे सगळ्यांची मान वळेल. तिची स्वतःचीही वळेल की काय, याची तिला खात्री देता आली नसती. वळली होती एकदा.

तिनं एक अंडं सोललं, मीठ लावलं आणि नॅनच्या समोर बसून खाल्लं. नॅन तिच्या तोंडाकडे बघत राहिली, काही होतंय का ते. दुसरं अंडं तिनं ब्रीडाच्या ताटात ठेवलं.

"शनिवारी मी खाली डॅनच्या घरात राहायला जातेय," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारपर्यंत. मॅजला बोलावलंय. तिनं हो म्हटलेलं नाही. आली तर दोघी, नाही आली तर मी एकटी. दूध ब्रीडा काढेल, कोंबड्यांचं दार जेरोमनं लावायचं. आणि नॅन, तिथे कुणी अंडी शोधायला यायचं नाही."